आई म्हणते, मला तो स्वर्ग नको

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

पत्र लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या, पुण्यात नोकरी करतात. माहेर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील दारू पीत आणि आईला मारत. आईच्या पाटल्या गेल्या, मग शिलाई मशीन गेलं. मधली अकरा वर्षं वडील दुसरीकडेच राहिले. लिव्हर निकामी झाल्यावर परत आले आणि आईने आठ महिने त्यांचं हागणंमुतणं काढलं. शेवटच्या आठवड्यात एका प्रार्थना-मंडळीचे पाळक (धर्मोपदेशक) दवाखान्यात आले. त्यांच्या पाठोपाठ वडिलांनी पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, रडले, आणि चार दिवसांनी वारले. आईची क्षमा त्यांनी मागितली नाही. मरणाच्या आदल्या रात्री फक्त एवढंच विचारलं, ‘तू जेवलीस का?’

मातीच्या वेळी पाळक म्हणाले, ‘वधस्तंभावरच्या चोराप्रमाणे आपला भाऊ आत्ता या क्षणी प्रभूच्या कुशीत आहे.’ तेव्हापासून आई उपासनेला जाते, पण प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे मिळून घेतात त्या भाकरीचा आणि द्राक्षरसाचा, ट्रे आला की काही न घेता पुढे सरकवते. ‘तो तिथं असंल तर मला नगं तिथं,’ यापलीकडे बोलत नाही. मंडळीतल्या बायका तिला बजावतात की क्षमा केली नाहीस तर तुलाही क्षमा नाही. शेजारच्या माळकरी मावशी वाईट दिवसांत रोज भिंतीवरून भाकरी देत. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्याबद्दल विचारल्यावर तेच पाळक म्हणाले, ‘त्यांनी प्रभूला स्वीकारलं नव्हतं.’ घर आणि अर्धा एकर जमीन वडिलांच्या नावावर आहे. भावाला कबरीच्या दगडावर ‘प्रभूच्या सान्निध्यात’ असं कोरून घ्यायचं आहे.

ताई विचारतात : वडील खरंच स्वर्गात गेले का? मावशी गेल्या नाहीत का? आणि आईला मी काय सांगू?

*

प्रिय ताई,

प्रभुभोजनाच्या ट्रेबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि मी तिथेच अडले. मंडळीत वाढलेल्या माणसाला ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही. बाकावरून बाकावर हातोहात ट्रे येतो, त्यातल्या अंगठ्याएवढ्या पेल्यांची किणकिण होते, मागे पेटीवर हळू आवाजात गीत चाललेलं असतं. कोणी काही न घेता ट्रे पुढे दिला की सगळ्या ओळीला कळतं. तुमच्या आईने सबंध संसारात मार झाकला असणार. पदर ओढून घेतला असेल, ‘न्हाणीत पाय घसरला’ म्हणून सांगितलं असेल. आज या वयात ती पहिल्यांदाच चारचौघांत काहीतरी सांगते आहे, आणि ते ट्रे पुढे सरकवून सांगते आहे. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात आधी देते : आईला अजून काही सांगू नका. तिला विचारा. ‘आई, तिथं तुला कशाची भीती वाटते?’ एवढं विचारा आणि ती बोलेपर्यंत गप्प बसा, मग त्याला दोन रविवार लागोत की चार.

आता वडिलांविषयी. ते स्वर्गात गेले का, हे मला माहीत नाही. मातीच्या वेळी ‘आत्ता या क्षणी’ म्हणणाऱ्या पाळकांनाही ते माहीत नव्हतं. त्यांना आशा होती, आणि अशी आशा धरायला आपल्या विश्वासात भरपूर जागा आहे. पण कबरीपाशी उभं राहून त्यांनी त्या आशेचा दाखलाच देऊन टाकला, आणि समोर जी बाई उभी होती तिचा त्या दाखल्यात उल्लेखही नव्हता. मला खटकतं ते हे. त्यांच्या मनात वाईट काही नसावं. रडणाऱ्या लोकांसमोर उभं राहिलं की सांत्वनाचा मोठ्यात मोठा शब्द तोंडी येतो.

त्या चोराची गोष्ट मात्र नीट वाचायला हवी, कारण शेवटच्या क्षणी पालटलेल्या प्रत्येक माणसासाठी आपण तिच्याकडेच धावतो. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात ती आहे. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय तर सांगतो की येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेले लुटारूही त्याची निंदा करत होते. लूकमध्ये त्यांच्यातला एक जण वळतो. वळल्यावर काय म्हणतो? आधी दुसऱ्या चोराला दटावतो. मग म्हणतो की आपल्याला झालेली शिक्षा रास्त आहे, आपण आपल्या कृत्यांचं फळ भोगतो आहोत, यानं मात्र काही वाईट केलेलं नाही. हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, ‘माझी आठवण करा’ अशी येशूला विनवणी करतो, आणि येशू त्याला म्हणतो की आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. म्हणजे स्वर्गाची गोष्ट काढण्याआधी त्यानं आपला गुन्हा आपल्या तोंडानं, लोकांदेखत कबूल केला. ज्यांना लुटलं त्यांच्याकडे जायला त्याला वेळ नव्हता, पायही मोकळे नव्हते. तुमच्या वडिलांच्या हातात आठ महिने होते आणि जिला दुखवलं ती बाई रोज सकाळी त्यांचं अंथरूण बदलत होती. मी हे त्यांना दोषी ठरवायला म्हणत नाही. मरणाच्या दारातल्या माणसाची जीभ का उचलली नाही, लाजेनं की भीतीनं की दुखण्यानं, हे त्यांचं त्यांना आणि देवाला ठाऊक. पण आईला जे अपुरं वाटतं ते खरोखरच अपुरं राहिलेलं आहे. तिच्या विश्वासात काही कमी आहे म्हणून तिला तसं वाटतंय, असं समजू नका.

पश्चात्ताप या आपल्या शब्दात ताप आहे, मागाहून होणारी जळजळ. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत त्यासाठी जो शब्द येतो त्याचा साधा अर्थ आहे मागे फिरणं. चुकीच्या रस्त्यानं निघालेला माणूस जसा फिरतो तसं. नव्या कराराच्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे मन पालटणं. जळजळ पाच मिनिटांत होऊ शकते. मागे फिरलेल्या माणसाला मात्र तोच रस्ता उलटा चालावा लागतो आणि वाटेत जे जे तुडवलं ते पुन्हा लागतं. बाप्तिस्मा करणारा योहान नदीकाठी जमलेल्या लोकांना म्हणाला होता, पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या. जकात गोळा करणारा श्रीमंत जक्कय उंबराच्या झाडावरून उतरला आणि येशूसमोर उभं राहून म्हणाला, माझं अर्धं द्रव्य गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याचं चौपट परत. त्यानंतर येशू म्हणतो, ‘आज या घराला तारण झाले आहे.’ म्हणजे पैसे परत करून तारण विकत मिळतं असं नाही. पण जक्कयाला जे झालं होतं ते त्याच्या हिशेबाच्या वहीपर्यंत पोहोचलं. ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला त्या मार्टिन ल्यूथरनं ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जे ९५ मुद्दे मांडले, त्यातला अगदी पहिलाच हा आहे की प्रभूनं ‘पश्चात्ताप करा’ म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्यानं सबंध आयुष्य पश्चात्तापात घालवावं असं त्याला म्हणायचं होतं. कृपेनंच तारण होतं म्हणून सगळ्या युरोपाशी भांडलेला माणूस हे म्हणतो आहे. वसईच्या कॅथलिक वाचकांना ही गोष्ट पापनिवेदनाच्या निमित्तानं माहीत असेल. फादर पापक्षमा देतात, पण चोरलेली वस्तू परत करायची असते, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा स्वच्छ करायचं असतं. पापाची क्षमा झाली तरी पापानं केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही, असं त्यांची शिकवणूक स्पष्ट म्हणते.

क्षमेविषयी त्या बायका आईला जे सांगतात, त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. त्या ज्या वचनावर बोट ठेवतात ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे आणि ते सौम्य करून मी सांगणार नाही. पण तोच प्रभू लूकच्या सतराव्या अध्यायात सांगतो की तुझ्या भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्यानं पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आधी दोष दाखवायचा आहे. तुमच्या वडिलांना गेल्या चाळीस वर्षांत कोणी दोष दाखवला? मंडळीत कोणाला माहीत नव्हतं? पाटल्या कुठे गेल्या ते सगळ्या आळीला ठाऊक असतं. नवऱ्याला एका शब्दानं कोणी टोकलं नाही आणि बायकोला मात्र आता क्षमेचं वचन तोंडपाठ करायला लावलं जातंय. ताई, या बायकांना तुम्ही शांतपणे एवढंच विचारा की त्या वेळी आपण सगळ्या कुठे होतो. भांडायला म्हणून विचारू नका. त्यांच्यातल्या दोघीतिघींच्या घरी हेच चाललेलं असेल.

आणखी एक. अशा वेळी आईसारख्या माणसाला उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ दाखवला जातो, जो पैसा उधळून परतलेल्या धाकट्याला बापानं मेजवानी दिली म्हणून रुसतो. नाहीतर द्राक्षमळ्यातले सकाळपासून राबलेले मजूर, जे उशिरा आलेल्यांना तेवढीच मजुरी मिळाली म्हणून कुरकुरतात. मीही अनेक वर्षं असंच समजत होते. पुढे एका बाईनं मला विचारलं, ‘त्या थोरल्या भावाला धाकट्यानं मारलं होतं का हो?’ मला उत्तर सुचलं नाही. खरंच, थोरल्याची तक्रार काय, तर मला कधी साधं करडूसुद्धा दिलं नाहीस. मजुरांची तक्रार, त्यांना आमच्याइतकं का. दोन्ही गोष्टींतलं दुखणं असूयेचं आहे. उशिरा आलेल्यांनी लवकर आलेल्यांचे हात मोडलेले नाहीत. तुमच्या आईचं दुखणं इजेचं आहे, आणि इजेवर असूयेचं औषध लावलं की ती चिघळते.

तिच्यासारख्यांसाठी शास्त्रात वेगळी पानं आहेत. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात, विश्वासासाठी वधलेल्यांचे आत्मे स्वर्गात, वेदीच्या खाली आहेत आणि तिथून मोठ्यानं विचारताहेत, हे स्वामी, कोठवर तू न्याय करणार नाहीस? हे स्वर्गातलं दृश्य आहे. स्वर्गात पोहोचलेले लोक अजून न्याय मागताहेत आणि त्यांना कोणी दटावत नाही. त्यांना शुभ्र झगे दिले जातात आणि थोडा वेळ थांबायला सांगितलं जातं. ‘तो तिथं असंल तर मला नगं’ हे आईचं बोलणं मला या हाकेच्या जवळचं वाटतं. देवाकडे पाठ फिरवलेलं माणूस दर रविवारी उपासनेला जाऊन बसत नाही.

आता तिच्या भीतीबद्दल. माझा अंदाज आहे, आणि तो चुकूही शकतो, की आईच्या डोळ्यांसमोर स्वर्ग म्हणजे पुन्हा ते घर आहे. पुन्हा संध्याकाळी दाराकडे कान. आपण तिला कबरीपाशी सांगितलं की तो तिथे पोहोचलाय आणि तुझी वाट पाहतोय. जिला अकरा वर्षं तो नसतानाच नीट झोप लागली, तिला हे सांत्वन कसं वाटावं? तिला मत्तयाचा बाविसावा अध्याय वाचून दाखवा. मेलेले पुन्हा उठतात हे न मानणारे सदूकी लोक एक कोडं घेऊन येशूकडे येतात : एकीनं सात भावांशी लग्न केलं, पुनरुत्थानात ती कोणाची बायको? येशू म्हणतो, तिथे लग्न करत नाहीत आणि लग्न करूनही देत नाहीत. प्रवचनात हा भाग फारसा येत नाही, पण तुमच्या आईला तो पोहोचला पाहिजे. ती तिथे त्यांची बायको नसेल. त्यांच्या ताटाची, औषधाची, संतापाची कसलीही जबाबदारी तिच्यावर नसेल. ती तिथे तिची असेल, नाव घेऊन बोलावलेली.

आणि वडील तिथे असलेच, तर तो हात उगारणारा माणूस तिथे असणार नाही. यावर ख्रिस्ती लोकांत पंथभेद आहेत, पण मूळ गोष्टीत एकमत आहे : जसंच्या तसं कोणीच आत जात नाही. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे देवाच्या कृपेत मेलेल्या पण पुरतं शुद्ध न झालेल्या माणसाला मरणानंतरच्या शुद्धीकरणातून जावं लागतं, म्हणून ते २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. आपल्याकडे प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शुद्धिस्थान मानत नाहीत. तरी पौलानं करिंथकरांना लिहिलेलं वाक्य आपल्याही बायबलात आहेच, की ज्याचं काम जळून जाईल तो स्वतः तारला जाईल, पण जणू अग्नीतून गेल्यासारखा. आईच्या प्रत्येक रात्रीचं जे त्यांनी केलं ते त्यांना त्या उजेडात, तिच्या बाजूनं, पूर्ण दिसल्याशिवाय ते आत गेले असतील असं मला वाटत नाही. हे माझं मत आहे, सिद्धान्त म्हणून घेऊ नका. पण दयाळू देव आणि न्यायी देव हे दोन वेगळे देव नाहीत, म्हणून मी असं म्हणते.

मावशींकडे येते. त्यांच्याबद्दल पाळकांनी दिलेलं उत्तर अनेक सच्च्या ख्रिस्ती माणसांचं उत्तर आहे आणि त्यामागे वचनं आहेत. ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ हे योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं, आणि प्रेषितांच्या कृत्यांतलं पेत्राचं भाषण, की तारण दुसऱ्या कोणाच्या नावात नाही. ही वचनं मला प्रिय आहेत. पण येशूद्वारे जावं लागतं यावरून येशू कोणाकोणाला नेतो याची यादी आपल्या हाती येत नाही. चर्चनंही या प्रश्नाशी शतकानुशतकं झुंज घेतली आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला की चर्चबाहेर तारण नाही. तो बोलत होता तो मुख्यतः चर्चमध्ये फूट पाडणाऱ्यांबद्दल, पण पुढे ते वाक्य सगळ्या जगाला लावलं गेलं. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं तर बाहेरच्या कोणालाही सार्वकालिक जीवन नाही असं कडक शब्दांत लिहून ठेवलं. त्याच कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेत, नोव्हेंबर १९६४ मध्ये लिहिलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना येशूची सुवार्ता कळलेली नाही, पण जे खऱ्या मनानं देवाला शोधतात आणि त्याच्या कृपेनं त्याची इच्छा पाळायचा प्रयत्न करतात, त्यांना तारण मिळू शकतं. यावर कोणी म्हणेल की मावशींना सुवार्ता भिंतीपलीकडेच ऐकू येत होती. हो, ऐकू येत होती. आणि त्याच भिंतीपलीकडे ख्रिस्ती घरात बायकोला मार बसत होता, तोही ऐकू येत होता. आपण त्यांना कोणता ख्रिस्त दाखवला, हाही हिशेब कोणीतरी धरत असेल.

माझी आत्या बायबलबाई होती, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणारी. खांद्याला पिशवी लावून नेवाशाकडच्या खेड्यांतून पायी हिंडायची. एकदा एका म्हातारीनं तिला विचारलं, ‘बाई, माझी आई बाप्तिस्म्यावाचून मेली. मी तुमच्या स्वर्गात आले तर ती मला कुठं गावंल?’ आत्याला शिकवलेलं उत्तर तयार होतं. ते तिच्या तोंडून निघेना. म्हातारी शेंगा निवडत होती, आत्याही तिच्या सुपात शेंगा निवडू लागली. बऱ्याच वेळानं तिनं उत्पत्तीचा अठरावा अध्याय उघडला आणि अब्राहामानं देवालाच विचारलेला प्रश्न वाचून दाखवला : ‘सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?’ म्हातारी म्हणाली, ‘मंग ठीक हाय.’ आत्या ही गोष्ट सांगायची तेव्हा तिचा आवाज भरून यायचा.

मला विचाराल तर मी मावशींबद्दल निर्धास्त आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा म्हणतो, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं, आणि ते नीतिमान लोक चकित होऊन विचारतात, ‘प्रभू, आम्ही केव्हा?’ आपण कोणाला जेवू घातलं हे त्यांना माहीतच नव्हतं. या अध्यायाचा अर्थ लावताना अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘माझे बंधू’ म्हणजे फक्त शिष्य, असंही काहींचं म्हणणं आहे. तसं धरलं तरी ती भाकरी ख्रिस्ती लेकरांच्याच पोटात गेली. पंढरीच्या वाटेनं चालणाऱ्या माणसाबद्दल निदान आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी हात आखडता घेऊ नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतः म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

आता करायच्या गोष्टी. सगळ्यात आधी घर आणि जमीन. ख्रिस्ती कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे. म्हणजे तुमच्या घरात तिघांना एकेक तृतीयांश. ज्या बाईच्या पाटल्या आणि मशीन त्या घरात गेलं, तिचा कायद्यानं वाटा तुमच्या भावाएवढाच. तुम्ही दोघं बहीणभाऊ आपले वाटे आईच्या नावे सोडू शकता. त्याला हक्कसोडपत्र करून त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते आणि मग तलाठ्याकडे फेरफार. आधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा. भाऊ तयार नसेल तर तुम्ही तुमच्यापुरतं करा. वडिलांच्या पश्चात्तापाला फळ धरायला वेळ मिळाला नाही असं मानू या. ते फळ त्यांची लेकरं देऊ शकतात. कागद हातात आला की आईला काय वाटतं ते बघा. मला यातून चमत्काराची अपेक्षा नाही, पण जक्कयाची गोष्ट तिला कधी वाचून दाखवायचीच असेल तर ती या कागदासोबत दाखवा.

पाळकांना एकट्यानं भेटा. आईला नेऊ नका. त्यांना म्हणा, ‘तुम्ही माझ्या वडिलांसाठी दवाखान्यात आलात, उपकार आहेत. आता एकदा माझ्या आईसाठी घरी या, आणि वचन न काढता तिचं ऐका.’ त्यांना ते जमलं नाही तर दुसरं कोणी बघा, शक्यतो एखादी वडीलधारी बाई. ट्रेच्या बाबतीत आईला घाई करू नका. त्या पंगतीला बसण्यासाठी मन आधी साफ लागतं असं तिला वाटत असेल तर एवढंच सांगा की पहिल्या पंगतीला येशूला धरून देणारा यहूदाही बसलेला होता. ती कधी घेईल, घेईल की नाही, हे तिचं तिला ठरवू दे. स्तोत्रांपैकी तेरावं किंवा अठ्ठ्याऐंशीवं तिच्याबरोबर वाचा. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, शेवटी गोड होत नाही. तरीही ते बायबलात आहे हे तिला कळू दे.

ज्यांच्या घरी असा माणूस अजून जिवंत आहे आणि जे हे वाचत आहेत, त्यांना दोन शब्द. आजारी माणसाजवळ प्रार्थनेला बसणाऱ्यांनो, देवाची क्षमा मागून झाली की त्याला हळूच विचारा, ‘घरात कोणाला काही सांगायचंय का?’ जीभ उचलत नसेल तर हात धरून द्या, पण ज्याला दुखवलं त्याचं नाव त्याच्या तोंडी येऊ द्या. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूनं अर्पण वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवलं आहे. आणि जी बाई आजही मार खाते आहे, तिला मी सांगते : नवऱ्यानं उपासनेत पुढे येऊन रडून पश्चात्ताप केला म्हणून लगेच त्या घरात परतू नका. मन पालटलं असेल तर ते वर्षभरानंतरही पालटलेलंच राहील, तेवढा काळ तुम्ही सुरक्षित ठिकाणाहून बघा. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे आणि घरातल्या मारहाणीविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे.

‘तू जेवलीस का?’ या प्रश्नाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते पत्रात लिहिलंत, म्हणजे तो तुमच्या मनात आहे. त्याला माफी म्हणू नका, आणि काहीच नव्हतं असंही म्हणू नका. त्या माणसाच्या तोंडून आईला कदाचित पहिल्यांदाच असा प्रश्न ऐकायला मिळाला असेल. तो त्या दोघांमधला आहे. पाळकांना, भावाला, मंडळीला तो पुरावा म्हणून देऊ नका. कधी आईनंच विषय काढला तर तिला विचारा, तू काय म्हणालीस?

राहिला दगड. दगड घडवणाऱ्याला भावानं पैसे दिले नसतील तर महिनाभर थांबायला सांगा. त्यावर काय लिहायचं ते आईला ठरवू द्या. नुसतं नाव आणि दोन तारखा पुरे म्हणाली तर तेवढंच कोरा. काहीच नको म्हणाली तर दगड तसाच राहू द्या आणि भावाला सांगा, आईनं ठरवलंय.

तुमची,
सदरलेखिका